आखूड हौद्यामागचं घर

मामा पडल्या, त्या हिवाळ्यात आमच्या घरातून कुणीच वाळवंटात गेलं नाही.

मामा म्हणजे मी ज्या घरी ड्रायव्हर होतो, त्या घरच्या मालकीणबाई. बहरीनमध्ये घरकामाच्या माणसांनी मालकाला बाबा आणि मालकिणीला मामा म्हणायची रीत आहे. मी गुहागरकडचा. नोकरीला लागलो तेव्हा बायकोला फोनवर सांगितलं, "आज मामांना दवाखान्यात नेलं होतं," तर ती घाबरून म्हणाली, "तुमचे कुठले मामा हो? आणि ते तिकडे कधी गेले?" पुढे तिला सवय झाली, पण फोन ठेवताना "तुमच्या मामाबाईंना नमस्कार सांगा" म्हणून हसायची ती हसायचीच.

घर अरादला, किल्ल्याच्या मागच्या अंगाला, एका चिंचोळ्या गल्लीत. बाबा तेलाच्या कामावरून केव्हाच निवृत्त झालेले. मुलं लग्नं होऊन वेगळी राहायला गेलेली. म्हातारा-म्हातारी दोघंच, आणि मागच्या खोलीत मी. बाबांना तुटकं हिंदी यायचं, मला तुटकं अरबी. दोन्ही अर्ध्या मिळून आमची एक भाषा पुरी व्हायची.

हवेतला दमटपणा गेला, सकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटू लागलं, की इथल्या माणसांचे पाय घरात ठरत नाहीत. साखीरच्या बाजूला, तेलाच्या पाइपलाइनींच्या आजूबाजूच्या उघड्या माळावर तंबू उभे राहतात. सरकार ठरवून देईल तेवढे महिने लोक तिथे जाऊन-येऊन राहतात. त्या जागेला हे लोक 'बर्र' म्हणतात. बर्र म्हणजे नुसतंच वाळवंट. पण मामा तो शब्द उच्चारायच्या तेव्हा आमच्याकडची सून 'आईकडे जाऊन येते' म्हणते ना, तसा त्यांचा आवाज व्हायचा. तंबूतल्या सतरंजीवर मांडी घालून बसायचं, निखाऱ्यावर चहाची किटली ठेवायची आणि येईल-जाईल त्याला हाका मारून बोलवायचं. माझी पहिली काही वर्षं मी त्यांना तसंच पाहिलं.

मग त्या अंगणात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण खाली बसणं कायमचं गेलं. आणि तंबूतलं सगळं जगणं जमिनीवरचं. जेवण जमिनीवर, गप्पा जमिनीवर, निजणं जमिनीवर. संडासाचा तर विचारच नको.

"तुम्ही जा सगळे," त्या म्हणाल्या. "मी घरी टीव्ही बघते."

बाबा गेले नाहीत. त्यामुळे मुलंही गेली नाहीत.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी व्यायामाच्या दवाखान्यातून परत येत होतो. पुढे एक ट्रक चालला होता, तंबूचे बांबू, गाद्या, वर उलट्या बांधलेल्या खुर्च्या. मामा मागच्या सीटवरून तो बराच वेळ बघत होत्या. ट्रक वळून गेला तेव्हा त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "सब लोग जाता. हम देखता."

बाबा माझ्या शेजारी बसले होते. पुढचा उन्हाळा सरता सरता एका सकाळी त्यांनी मला बुदैयाच्या बाजूला एका बागेत नेलं. खजुरीच्या झाडांआड एक प्रचंड कॅरव्हॅन उभी होती. कुणी अमेरिकन माणूस नोकरी संपवून मायदेशी निघाला होता, त्याची. बाबांनी ती मला दाखवण्याआधीच विकत घेऊन टाकली होती.

आत शिरलो आणि मी चकित झालो. हे तर चाकांवरचं घर. उंच पलंग, टेबल-खुर्च्या, शेगडी, आणि बाबांनी ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला ते म्हणजे न्हाणीघर. कमोड, भिंतीला धरायला दांडा, मामांना वॉकरसकट आत जाता येईल एवढं दार. बाबा दार उघडून बाजूला उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "बाबा, मामांना चालेल. अगदी चालेल." तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

"आता तू ओढ," ते म्हणाले. "तू ट्रेलरवाला आहेस."

ते खरं होतं. या घरी येण्याआधी मी बंदरावरून कंटेनर ओढणारे ट्रेलर चालवले होते. ही कॅरव्हॅनही त्याच जातीची होती. साध्या कॅरव्हॅनी गाडीच्या मागच्या हुकाला अडकवतात. हिचं तसं नव्हतं. हिचा पुढचा भाग माळ्यासारखा उंच होऊन पुढे आलेला, त्याच्या पोटाखाली एक जाड लोखंडी पिन. ती पिन ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जबड्यात अडकते आणि कॅरव्हॅनचा पुढचा भार ट्रकच्या मागच्या चाकांवर येतो. त्या जबड्याला इंग्रजीत पाचवं चाक म्हणतात. मला हे सगळं पाठ होतं, म्हणून मी छाती काढून म्हटलं, "यल्ला, चला बाबा. यात काय आहे?"

मग मी बाहेर येऊन आमचा ट्रक बघितला आणि डोकं खाजवलं.

आमचा ट्रक चार दारांचा पिकअप. इंजिन दांडगं, ओढायची ताकद भरपूर, पण चार दारं दिल्यामुळे मागचा हौदा आखूड. आता हिशेब असा की जबडा बसवायचा तो मागच्या एक्सलच्या डोक्यावर, म्हणजे भार बरोबर पेलला जातो. तिथून ट्रकच्या मागच्या काचेपर्यंत आमच्याकडे जागा होती साडेतीन फुटांच्या आसपास. आणि कॅरव्हॅनची रुंदी आठ फूट, म्हणजे पिनेपासून प्रत्येक कोपरा चार फुटांवर. सरळ रस्त्यावर काही नाही. पण ट्रक काटकोनात वळवला की कॅरव्हॅनचा कोपरा फिरून थेट काचेत घुसणार. काचेमागे मागची सीट, आणि त्या सीटवर मामा.

थोरल्या मुलाला कळलं तेव्हा तो चिडला. सीफमध्ये एका उंच इमारतीत त्याचं ऑफिस, तिथून दुपारी जेवणाच्या सुट्टीत तावातावाने आला.

"लांब हौद्याचा ट्रक घ्या," तो म्हणाला. "नाहीतर ही वस्तू विका आणि समुद्रावर एखादं शॅले भाड्याने घ्या. आईला तिथेही हवा मिळेल."

बाबा म्हणाले, "लांब ट्रक गल्लीत वळत नाही. आणि तुझी आई या ट्रकात चढते."

हे शेवटचं वाक्य कुणालाही साधं वाटेल, पण आम्हा घरातल्या माणसांना त्याचा अर्थ माहीत होता. ऑपरेशननंतर मामांना कुठल्याच गाडीत चढता येईना. मोटारीत खाली वाकावं लागायचं, दुसऱ्या ट्रकात पाय पोचायचा नाही. याच ट्रकाला आम्ही एक रुंद पायरी वेल्डिंग करून घेतली, आत धरायला कडी लावली, आणि त्यांना तिची सवय झाली. उजवा हात कडीला, डावा पाय पायरीवर, "या अल्ला," आणि आत. जाताना मुलगा मला एवढंच म्हणाला, "तू बघून घे."

सलमाबादच्या गॅरेजांच्या वस्तीत एक दुकान होतं, ट्रेलरचं सामान विकायचं आणि बसवूनही द्यायचं. मालक आपल्या म्हसळ्याकडचे, कोकणी मुसलमान, पांढरी दाढी, कायम हातात चिंधी. मी त्यांना चाचा म्हणायचो, ते मला 'गाववाले' म्हणायचे. बाबांना घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. चाचांनी आधी ट्रकभोवती एक चक्कर मारली, हौद्यात चढले, टेप लावली, आणि उतरून मला मराठीत म्हणाले, "गाववाले, बैलगाडी घेतलीस पण बैल आखूड."

मग त्यांनी दुकानातल्या सिमेंटच्या जमिनीवर खडूने ट्रक काढला, खराखुरा, मापाचा. कॅरव्हॅनच्या रुंदीची एक फळी आणली, मध्ये खिळा ठोकून ती खडूच्या हौद्यावर फिरवून दाखवली. फळीचा कोपरा खडूच्या काचेच्या आत शिरला. बाबा खुर्चीवरून उठून, वाकून बघत होते.

"मग जबडा मागेच बसवू," मी म्हटलं. "एक फूट मागे घेतला की कोपरा लागणार नाही."

"आणि भार एक्सलच्या मागे गेला की पुढची चाकं हलकी. वाऱ्याच्या दिवशी हायवेवर स्टिअरिंग हातात राहील तुझ्या?"

ते मला पटलं. चाचांचं मत असं पडलं की 'हिच', म्हणजे जबड्यासकटची सगळी जोडणी, साधी, न हलणारी घ्यावी आणि बदलायचंच तर कॅरव्हॅनचं पिनेचं डोकं बदलावं. लांबट डोकं लावलं की कॅरव्हॅन तेवढी मागे राहते. "एकदा लावायचं आणि विसरायचं. हलणारी वस्तू आली की बिघाड आला." पण ही कॅरव्हॅन जुनी. लांबट डोक्याने तिच्या चासीला जास्त पीळ बसणार, तो ती सोसेल की नाही हे त्यांनाही छातीठोक सांगता येईना. म्हणून मग सरकणाऱ्या हिचवर गाडी आली. या हिच रुळांवर बसतात. रस्त्याने जाताना जबडा एक्सलवर, आणि तीव्र वळण घ्यायच्या आधी तो फूटभर मागे सरकवायचा.

त्यातही दोन प्रकार निघाले. एकात ड्रायव्हरने थांबायचं, खाली उतरून दांडा ओढायचा, परत चढून कॅरव्हॅनचे ब्रेक दाबून धरायचे आणि ट्रक हळूच पुढे घ्यायचा. जबडा मागे सरकून खटकन बसतो. वळण झालं की तेच सगळं उलट. दुसरा प्रकार आपोआप चालणारा. ट्रक वळेल तसा जबडा आपणहून मागे जातो, सरळ झाला की पुढे येतो. पण तो वजनाला भारी, कॅरव्हॅनच्या पिनेला वेगळी पट्टी बसवावी लागते, आणि बाहेरून मागवायचा म्हणजे वाट बघणं आलं.

मी दांड्याच्या बाजूचा. मला यंत्रापेक्षा माझ्या हातावर भरवसा. बंदरावर मी दिवसातून कितीदा तरी उतरत-चढत होतो.

बाबांनी एकच गोष्ट विचारली, "प्रत्येक वेळी उतरावं लागतं?"

"मी आहे ना, बाबा," मी म्हटलं.

ते "जैन, जैन" म्हणाले, म्हणजे ठीक आहे. चाचांनी दांड्याची हिच बसवायला घेतली. हौद्याचा पत्रा भोसकून, खाली चासीला पट्ट्या लावून रूळ बसवले. परतताना बाबांनी करक, म्हणजे इथल्या कडक चहाच्या टपरीशी ट्रक थांबवायला लावला आणि कप हातात धरून तो गार होईपर्यंत समोर बघत बसले. मला वाटलं, दमले असतील.

मुहर्रकच्या टोकाला भराव टाकलेली मोठी मोकळी जमीन होती. तिथे मी कॅरव्हॅन ओढायचा सराव करू लागलो. बाबा रोज शेजारी येऊन बसायचे. एक दिवस म्हणाले, "उतर. मी चालवतो."

मी जरा घुटमळलो. पण त्यांनी चाक हातात घेतलं आणि मला कळलं, हा हात नवशिक्याचा नाही. तरुणपणी ते पाइप वाहून नेणारे लांब ट्रक चालवायचे, हे मला त्या दिवशी समजलं. आरशात बघायची त्यांची पद्धत जुन्या ड्रायव्हरची, मान न वळवता नुसती नजर. त्यांनी दोन फेऱ्या सुरेख मारल्या. तिसरीला ते जोरात डावीकडे वळले. थांबून दांडा ओढायला मला सांगायचं त्यांच्याकडून राहिलं. माझ्या मागे काहीतरी अंधारून आलं. मी वळून बघितलं तर कॅरव्हॅनचा कोपरा काचेवर येत होता.

"बस्स, बाबा! बस्स!"

त्यांनी ब्रेक मारला. आम्ही दोघं उतरलो. कोपरा आणि काच यांच्यामध्ये तळहात कसाबसा मावेल एवढी फट राहिली होती. बाबांनी तिच्यात खरोखरच हात घालून पाहिला.

"माझ्या लक्षात राहिलं नाही," ते म्हणाले.

"होतं असं."

"नाही. आता मला असंच होतं. चहा प्यायलो की नाही, विसरतो. नमाज झाली की नाही, तिला विचारतो." ते पायरीवर बसले. "आमचं लग्न झाल्यापासून बर्रला प्रत्येक वेळी मी नेलं तिला. मी चाकावर, ती शेजारी. तू चालवलंस तर ती मागे बसेल, बरोबर ना? बाईमाणूस ड्रायव्हरच्या शेजारी बसणार नाही. मला रोज नाही चालवायचं. तिथे जायच्या दिवशी एकदा, आणि यायच्या दिवशी एकदा."

आता मला त्यांचा दुकानातला प्रश्न कळला. मी भार मोजला, फूट मोजले, आणि चाकावर मीच असणार हे मनाशी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेलो. नवी बसवलेली हिच काढा म्हटल्यावर ते वैतागले. "अरे, तुला तेव्हा सांगायला काय झालेलं?" मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी चिंधीने हात पुसले, पुसलेलेच परत पुसले.

"माझी बायको म्हसळ्याला असते," ते म्हणाले. "मी तिला कधी शेजारी बसवून कुठे नेलं, आठवत नाही." मग आत जाऊन त्यांनी आपोआप चालणारी हिच मागवली. रूळ तेच चालणार होते, फक्त वरची हिच बदलायची आणि पिनेला ती पट्टी लावायची होती.

ती यायला वेळ लागला. डिसेंबर उलटला. माळावरचे तंबू भरून गेले. मामा वॉकर घेऊन फाटकापर्यंत जायच्या आणि विचारायच्या, "इंशाल्ला कधी?" कॅरव्हॅन तयार आहे हे त्यांना माहीत होतं, ट्रकाचं काहीतरी अडलंय एवढंच आम्ही सांगितलं होतं. काय अडलंय ते बाबांनी मला सांगू दिलं नाही. रोज चाचांना फोन करून मीच त्यांचं डोकं खात असे. शेवटी एका दुपारी त्यांचाच फोन आला, "ये गाववाले. आलं तुझं घोडं."

जायच्या दिवशी सकाळी मामा पायरीवर पाय ठेवून पुढच्या सीटवर बसल्या. मी मागे, मांडीवर चहाची किटली आणि शेजारी घडी केलेला वॉकर. बाबांनी पांढराशुभ्र, पायघोळ थोब घातला होता. बुदैयाच्या बागेतून कॅरव्हॅन जोडून घेतली आणि हायवेला लागलो. बाबा इतके सावकाश चालवत होते की मागून येणारे हॉर्न मारून पुढे जात होते.

मामा अरबीत म्हणाल्या, "वरातीत चालवतो आहेस का?"

"वरातच आहे," बाबा म्हणाले.

साखीरचा रस्ता सोडून माळावर उतरायची जागा अवघड निघाली. दोन तंबूंच्या दोऱ्यांमधून वाट गेली होती, आणि तिच्यात शिरायला उजवीकडे जवळजवळ काटकोनात वळायचं. मी मागे वळून काचेला नाक लावलं. बाबांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. कोपरा आला, जवळ आला, मला कॅरव्हॅनच्या पत्र्यावरचे रिपीटचे खिळे दिसायला लागले. मग हौद्यात खर्रकन आवाज झाला, सगळी कॅरव्हॅन जरा मागे सरली, आणि तो कोपरा काचेसमोरून अलगद निघून गेला. ट्रक सरळ झाला तसा पुन्हा तोच आवाज, आणि जबडा जागेवर. बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मामांना यातलं काहीच कळलं नाही. त्या खिडकीची काच खाली करून शेजारच्या तंबूतल्या कुणा बाईला ओळख देत होत्या.

जागेवर पोचल्यावर मी कॅरव्हॅनची पायरी, फळीचा उतार सगळं नीट लावलं आणि त्यांना म्हटलं, "चला आत, घर बघा." त्या म्हणाल्या, "घर पळून नाही जात. आधी खुर्ची वाळूत ठेव." खुर्चीवर बसल्या आणि मला चपला काढायला सांगितल्या. सूज आलेली पावलं त्यांनी वाळूत घातली, घोट्यापर्यंत पुरली आणि डोळे मिटले. आम्ही दोघं बाजूला उभे. बाबा मला हळूच म्हणाले, "खलास. आता ती कुणाचं ऐकणार नाही."

खरंच ऐकलं नाही. सरकार तंबू उठवायला सांगेपर्यंत त्या घरी परत आल्या नाहीत. न्हाणीघर होतं, उंच पलंग होता, आता कशासाठी यायचं? सकाळी त्या खुर्चीवर बसून मला फर्मावायच्या. गोड शेवया आणि वर ऑम्लेट हा त्यांचा नाश्ता पहिल्यांदा मला विचित्र वाटायचा, पुढे मी वाट बघू लागलो. माशाचं एक आंबलेलं, खारट पातळ कालवण त्या रोटीवर फासायच्या. त्याचा वास आला की मला आमच्या खळ्यात वाळत घातलेल्या सुकटीची आठवण यायची. मी तसं सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. इतर ड्रायव्हर म्हणे त्या वासाने पळून जात.

पुढच्या हिवाळ्यात बाबांनी आपणहून माझ्या बायकोचा व्हिजिट व्हिसा काढला. ती आली तेव्हा आम्ही बर्रलाच होतो. विमानतळावरून मी तिला थेट माळावर आणलं. सगळीकडे वाळू, लांबवर तेलाचे पंप मान खालीवर करतायत, आणि मध्ये हे चाकांवरचं घर. ती माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, एवढं चांगलं घर सोडून ही माणसं इथे कशाला येतात?" पण चार दिवसांत ती आणि मामा अशा जुळल्या की मला कुणी विचारेना. एकीला मराठीशिवाय काही येत नव्हतं, दुसरीला अरबी आणि माझ्याशी बोलायपुरतं हिंदी. दोघी कुळीथ निवडत बसायच्या. बायकोने गावाहून आणलेल्या कुळथाच्या पिठाचं पिठलं केलं. मामा ते वाटीने प्यायल्या आणि त्यांनी दुसरी वाटी पुढे केली. पाऊस शिंपडून गेल्यावर वाळूत एक कंद उगवतो, आपल्या अळंबीच्या जातीतला, त्याला हे लोक फगा म्हणतात. मामा खुर्चीवरून बोट दाखवायच्या, "तिथे, भेग दिसते तिथे," आणि बायको पदर खोचून उकरायची. मिळाला की दोघी लहान मुलींसारख्या ओरडायच्या. जायच्या दिवशी मामांनी तिला जवळ घेऊन काहीतरी बराच वेळ अरबीत सांगितलं. विमानतळाच्या वाटेवर मी विचारलं, "काय म्हणाल्या?" बायको डोळे पुसत म्हणाली, "मला काय माहीत? पण बरोबर होतं ते."

असे आणखी काही हिवाळे गेले. दर वेळी जाताना आणि येताना बाबा चाकावर, मामा शेजारी, मी मागे. बाबांचं विसरणं वाढत चाललं होतं. शेवटच्या वेळी कुठे वळायचं तेही मामाच सांगत होत्या, हाताने, न बोलता. हात त्यांचा, चाक बाबांचं. तो जबडा कधी अडला नाही. चाचा दर वर्षी येऊन ग्रीस घालून जायचे आणि चहा पिऊन जायचे.

मामा एका उन्हाळ्यात गेल्या. फार आजारी नव्हत्या. दोन-चार दिवस दवाखान्यात होत्या आणि पहाटे गेल्या. त्या हिवाळ्यात बाबांनी बर्रचा विषय काढला नाही, आम्हीही नाही. कॅरव्हॅन बागेत खजुरीखाली उभी होती, पानांनी आणि धुळीने भरलेली. मग थोरल्या मुलाने ती रिफाच्या एका मोठ्या कुटुंबाला दिली. त्यांचा ट्रक लांब हौद्याचा होता. त्यांना आमच्या हिचची गरज नव्हती. ती चाचांनी परत घेतली. काढताना आम्हा दोघांना मिळून उचलावी लागली. बाबा खुर्ची टाकून बघत होते. काम झाल्यावर त्यांनी चाचांना विचारलं, "हे कशाचं होतं?" चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि हिंदीत म्हणाले, "बर्रला जायचं, बाबा." बाबांनी मान डोलावली.

आता मी ईसा टाउनमध्ये शाळेची बस चालवतो. आपली मराठी पोरं बसमध्ये चढतात, मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देतात, पण समजतं त्यांना सगळं. बाबा थोरल्या मुलाकडे राहतात. मुलगा आणि त्याची बायको त्यांचं चांगलं बघतात. हिवाळ्यात शुक्रवारी सुट्टी असली की मी त्यांच्याकडे जातो, ट्रकाची किल्ली घेतो आणि बाबांना साखीरला फिरवून आणतो. मुलाला ते आवडतं. बाबांना माझं नाव आठवत नाही, पण मी दिसलो की ते उठून उभे राहतात आणि चप्पल शोधायला लागतात.

गेल्या महिन्यात असेच गेलो होतो. मी घडीच्या खुर्च्या मांडल्या, थर्मासमधला चहा ओतला. ऊन कोवळं होतं. शेजारच्या तंबूतली मुलं फुटबॉल खेळत होती. बाबा त्यांचा खेळ बघत होते आणि मग अचानक बोलू लागले, तरुणपणच्या गोष्टी ते अजून स्वच्छ सांगतात.

"लग्नानंतर पहिल्यांदा इथे आणलं तिला," ते म्हणाले, "तर रडली."

"कोण, मामा?"

"समुद्राकाठची मुलगी. तिच्या बापाच्या होड्या होत्या. म्हणाली, इथे तर काहीच नाही, पाणी नाही, आवाज नाही. मला घरी ने. मी दुसऱ्या दिवशी परत नेलं."

मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, त्यांचा जन्मच इथला.

"मग आवडायला कधी लागलं त्यांना?"

बाबांनी विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या घालून, हातातला कप तसाच धरून.

"ते तिने मला कधी सांगितलं नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या वर्षी थंडी पडली आणि ती आपणहून म्हणाली, कधी जायचं?"

फुटबॉल आमच्या खुर्च्यांपर्यंत गडगडत आला. बाबांनी तो पायाने परत ढकलला. मी त्यांना आणखी चहा ओतला.